डाळ न शिजणारे पाणी

मी सोलापुरात रंग तपासतो असे सांगितले की बाहेरगावचे लोक मला रंगारी समजतात. मैंदर्गीच्या माझ्या काकांची तर अजून समजूत आहे की मी घरांना चुना लावतो. दर दिवाळीला ते विचारतात, "यंदा कुणाचं घर रंगवायला काढलंस?" त्यांना समजावून सांगणे मी सोडून दिले आहे. माझे काम खरे म्हणजे रंगाऱ्याच्या उलट आहे. रंगारी रंग चढवतो. चढवलेला रंग उतरतो का, हे मी पाहतो.

सात रस्त्याजवळ एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर आमचे केंद्र आहे. हातमागावरच्या मालाला सरकारी शिक्का हवा असेल तर रंगवलेले सूत आधी आमच्याकडे येते. त्याची एक लड घ्यायची, पांढऱ्या सुताशी तिची वेणी घालायची आणि साबण-सोड्याच्या पाण्यात अर्धा तास उकळायची. वेणी वाळली की सोडायची. पांढरे सूत पांढरेच राहिले तर रंग पक्का. दुसरी लड अर्धी काळ्या कागदात गुंडाळून गच्चीवर उन्हात टाकायची आणि पंधरा दिवसांनी उघडे अर्धे आणि झाकलेले अर्धे शेजारी शेजारी धरून बघायचे. सोलापूरच्या उन्हापुढे जो रंग टिकला तो कुठेही टिकेल, असे आमचे साहेब पाहुण्यांना सांगत, आणि ते खरेच होते.

या कामात माणसे मात्र मजेदार भेटतात. दुधनीचे एक व्यापारी होते. त्यांचे टॉवेल तीन वेळा नापास झाले. चौथ्या वेळी ते माझ्यासमोर बसून शांतपणे म्हणाले, "शिक्का तेवढा तुम्ही मारा. रंगाचं काय ते मी गिऱ्हाइकाशी बोलून घेतो." मी नाही म्हटल्यावर त्यांनी मला कन्नडमध्ये विचारले की तुमच्या घरातले टॉवेल तुम्ही उकळून वापरता का. माझी मातृभाषाही कन्नडच, त्यामुळे न कळल्याचे सोंग करता येईना. मी हसलो. पण शिक्का मारला नाही. त्या काळात मला माझ्या शिक्क्याचा फार अभिमान होता.

एक माणूस मात्र मी न तपासताच नापास केला. ते सांगायचे म्हणूनच हे लिहायला बसलो आहे.

आमच्या केंद्राच्या मागच्या आवारात रंगाची एक शेड होती. तिथे जुन्या पद्धतीचा लाल रंगवत. अलिझरीनचा लाल म्हणतात तो. सुताला आधी तेल आणि हिरडा पाजायचा, मग तुरटी, आणि मग रंगाच्या हंड्यात उकळायचे. सगळे मिळून आठवडा जातो. बाजारात झटपट लाल केव्हाच आले होते, तरी या लालाची खोली त्यांना नव्हती. शहराच्या पूर्व भागातली तेलुगू विणकर मंडळी वॉल हँगिंग विणतात, म्हणजे भिंतीवर टांगायची, मागावर विणलेली चित्रे, त्यांना हाच लाल लागे.

शेडमध्ये नरसव्वा नावाच्या एक बाई होत्या. वय साठीच्या आसपास, अंगाने काटकुळ्या, कपाळावर मोठे कुंकू. हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे लिहिलेले असे, 'पाणी भरणारी'. आवारातल्या विहिरीचे पाणी शेंदून हंड्यात ओतायचे हे त्यांचे काम. रोज सकाळी हंडा पेटवण्याआधी त्या पोहऱ्यातले पाणी ओंजळीत घेत, तोंडात भरत, डावा गाल फुगवून डोळे मिटून थोडा वेळ उभ्या राहत आणि मग बाजूला चूळ टाकत. त्यांनी मान हलवली की रंगारी जाळ लावत. एखाद्या दिवशी नुसताच हात हलवीत, तेव्हा लाल बंद ठेवून त्या दिवशी दुसरे काम घेत. मला वाटे, काहीतरी देवाधर्माचे असेल. मी रसायनशास्त्र घेऊन पदवी मिळवलेला माणूस. मी तिकडे पाहून न पाहिल्यासारखे करीत असे. आणि मी त्यांना तेव्हा 'अगं बाई' म्हणून एकेरीत हाक मारत असे, हेही सांगून टाकतो.

बहात्तरच्या दुष्काळात ती विहीर आटली. शेड कित्येक महिने बंद राहिली. पाऊस झाल्यावर विहिरीला पाणी आले, पण तोवर मी साहेबांना एक टिपण दिले होते. विहिरीचे पाणी दुष्फेन, म्हणजे साबणाला फेस न देणारे, आहे. रंगकामाला सुफेन पाणी उत्तम, असे पुस्तकात स्पष्ट लिहिलेले आहे. तरी शेडला नळ द्यावा. टिपण मंजूर झाले. नळ आला. पाणी गोड होते. शेडमधल्या बायका खूश झाल्या, कारण विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ कधी धड शिजत नसे, दाणे तसेच टणक राहत. आता दुपारच्या जेवणाला वरण मऊ होऊ लागले.

नळाला पहिल्यांदा पाणी आले तेव्हा आम्ही सगळे भोवती उभे होतो. नरसव्वांनी ओंजळभर पाणी तोंडात घेतले. या वेळी चूळ टाकली नाही, गिळले. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "डाळ शिजंल सायबा. लाल बसायचा न्हाय."

सगळे हसले. मीही हसलो.

त्या महिन्याच्या हजेरीपटावर सही करताना मी त्यांच्या नावावर रेघ मारली. नळ आल्यावर पाणी भरणारीची जागा उरत नाही, असा माझा हिशेबी विचार. कुणी सांगितले नव्हते. मीच मारली. विहिरीवर फळ्या टाकून घेतल्या त्याही मीच.

पहिली लड माझ्या टेबलावर आली तेव्हाच ती मला मळकट वाटली. लाल म्हणावा तर विटकरीकडे झुकलेला. उकळून वेणी सोडली तर पांढरे सूत गुलाबी. मी रंगाऱ्यांवर संशय घेतला. अलिझरीन कमी घालतात, उरलेले बाहेर विकतात, असे मी त्यांच्या तोंडावर बोललो. त्यांच्यातले दोघे वीस वर्षे तिथे काम करणारे होते. त्यांनी दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर पुडा फोडून, मोजून रंग घातला. तरी लाल तसाच. मग मी तुरटी बदलली, रंगाचा पुडा बदलला, उकळण्याचा वेळ बदलला. दोन महिने गेले. विणकर रोज शेडच्या दारात येऊन परत जात.

त्यांच्यात अंबादास म्हणून एक होता. तिशीचा, कमी बोलणारा, वॉल हँगिंगमध्ये त्याचा हात असा की लोक त्याचे काम बघायला लांबून येत. तो नरसव्वांच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. त्यांना तो तेलुगूत 'पेद्दम्मा' म्हणे, म्हणजे थोरली मावशी. एके दिवशी तो मला म्हणाला, "सायेब, आमच्या पेद्दम्माला एकदा इचारा की."

मी गेलो. दुपारची वेळ होती. पूर्व भागातल्या त्यांच्या घरात एका खोलीत माग होता, आणि उंबऱ्याशी मांडीवर सूप घेऊन नरसव्वा विड्या वळत होत्या. कामावरून काढल्यापासून त्या विड्याच वळत होत्या. त्यांनी मला बसायला पाट दिला. हात चालूच. मी काय विचारावे याची जुळवाजुळव करीत होतो, तेवढ्यात त्यांनीच विचारले, "शेडमंदी डाळ शिजती का आता?"

"शिजते," मी म्हणालो.

"मग लाल कसा बसंल?" असे म्हणून त्यांनी पुढचे पान घेतले.

सायकलवरून परत येताना मला पुस्तकातले ते पान आठवले. म्हणजे दुसरेच पान. डाळ का शिजत नाही? पाण्यात चुना असतो म्हणून. चुना डाळीच्या दाण्याला धरून ठेवतो, मऊ होऊ देत नाही. आणि अलिझरीन सुताला कशाने धरते? तुरटीने, असे आम्ही शिकलो होतो. तुरटीने धरतेच, पण तिला जोडीला चुना लागतो. दोघांनी मिळून धरले तरच लाल पक्का आणि तेजदार होतो. पुस्तकात हे एका ओळीत, बारीक अक्षरात होते. 'सुफेन पाणी उत्तम' हे वाक्य इतर रंगांसाठी होते. मी एकच वाक्य वाचून विहीर झाकली होती.

दुसऱ्या दिवशी फळ्या काढल्या आणि नरसव्वांना निरोप पाठवला. त्या आल्या. पण माझ्यातला परीक्षक अजून गेला नव्हता. मी निरनिराळ्या विहिरींचे आणि नळाचे पाणी पाच बाटल्यांत भरून, आकडे चिकटवून टेबलावर मांडले होते. प्रत्येकातला चुना आधी मोजून ठेवला होता. शिवाय एक लबाडी केली होती. पाचव्या बाटलीत आमच्याच विहिरीचे पाणी होते, पण चांगले उकळून, गाळून भरलेले. उकळल्यावर चुना भांड्याच्या बुडाला बसतो.

त्या एकेक बाटलीतले पाणी तोंडात घेऊ लागल्या. गाल फुगवायचा, डोळे मिटायचे, चूळ. पहिल्यात चुना आहे, दात खरखरीत लागतात. दुसरे नुसते मचूळ, मीठ आहे, त्याला लाल फसतो. तिसरे नळाचे. चौथे चांगले, पण आपल्या विहिरीइतके नाही. एकही उत्तर चुकले नाही. माझ्या वहीतले आकडे आणि त्यांची जीभ यांचा क्रम तंतोतंत जुळत होता. दारात रंगारी गोळा झाले होते.

पाचवे पाणी तोंडात घेऊन त्या जरा जास्त वेळ थांबल्या. मग डोळे उघडून माझ्याकडे पाहिले.

"ह्ये आपल्याच हिरीचं हाय," त्या म्हणाल्या. "पर ह्येला चुलीवर कुनी ठिवलं व्हतं?"

रंगारी हसले तसे मी कधी कुणाला हसताना ऐकले नाही. मीही हसलो, पण या वेळी माझ्यावर. मग मी विचारले की हे तुम्हाला कुणी शिकवले. त्या म्हणाल्या, सासूने. सासूला तिच्या सासूने. तेलंगणातून निघताना त्या घराण्याच्या बायका रंगाच्या हंड्याबरोबर ही जीभही घेऊन आल्या होत्या. नव्या गावात पुरुष मागासाठी जागा बघत, आणि बायका विहिरी चाखत हिंडत. ज्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही तिच्याजवळ लाल रंगवायचा आणि प्यायचे पाणी लांबून आणायचे. लांबून पाणी आणण्याचे कष्ट अर्थात बायकांचेच. एवढे मोठे शास्त्र, पण ते कुठल्या वहीत नव्हते. पाण्याची चव लिहायची तरी कशी?

आठ दिवसांनी विहिरीच्या पाण्यातली पहिली लड आली. वेणी सोडली. पांढरे सूत दुधासारखे पांढरे राहिले होते. मी ती लड खिडकीत नेऊन बराच वेळ धरून उभा राहिलो. लाल काय असतो ते मला नोकरीच्या इतक्या वर्षांनी तेव्हा कळले.

इथे ही गोष्ट संपली असती तर मी आज सुखाने लिहिले असते.

या सगळ्याचा मी एक अहवाल लिहिला. 'अलिझरीन लाल रंगावर दुष्फेन पाण्याचा परिणाम.' विहिरी, मोजणी, तक्ते, सगळे व्यवस्थित. नरसव्वांच्या वाट्याला त्यात अर्धे वाक्य आले: 'स्थानिक कामगारांशी चर्चा केली असता'. अहवाल खात्याच्या पत्रिकेत छापून आला. माझे कौतुक झाले, वरची जागा मिळाली. नरसव्वांना मी कामावर परत घेतले होते, आणि तेवढ्याने फिटले असे मी स्वतःला सांगत होतो. हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे पुन्हा तेच लिहिले गेले, 'पाणी भरणारी'. दुसरे काही लिहायला रकान्यात जागा होती. मला सुचले नाही असे म्हणणे खोटे होईल. सुचले होते. पण पाण्याची पारख करणारी बाई हजेरीपटावर आली असती, तर माझ्या अहवालात मी काय शोधले, असे कुणीतरी विचारले असते.

त्याच सुमारास अंबादास माझ्याकडे आला. त्याला विचारायचे होते की जमिनीच्या खाली काय काय असते. मला गंमत वाटली. मी त्याला कागदावर काढून दाखवले: वर काळी माती, खाली मुरूम, मध्ये चुनखडीच्या पांढऱ्या गाठी, मग काळा दगड, आणि दगडाच्या भेगांतून येणारे पाणी. पाणी त्या गाठींतून झिरपते, म्हणून त्यात चुना उतरतो. त्याने कागद घडी करून खिशात ठेवला. काय विणतोस, म्हणून मी विचारले, तर म्हणाला, "बघू की."

मागावर चित्र खालून वर येते. चौकोनांच्या कागदावर ते आधी काढलेले असते आणि विणकर एकेक रंगाच्या सुताची कांडी हाताने ताण्यातून, म्हणजे उभ्या धाग्यांतून घालत, ओळीवर ओळ ठोकत वर चढतो. मी पुढचे चार महिने अधूनमधून त्याच्या घरी जाऊन बघत असे. पहिल्यांदा नुसता काळा दगड होता. मग भेगा, निळ्या सुताच्या. मग मुरूम, आणि त्यात त्या चुनखडीच्या गाठी, खरोखर हाताला लागाव्यात अशा. त्या जागी त्याने जाड पांढरे सूत घेतले होते. माझा पेन्सिलीचा कागद त्याच्या हाती जमीन झाला होता. मग विहिरीचा काठ आला, काठावर अनवाणी पावले, आणि त्यावर आमच्या शेडमधला लाल, एक आख्खे लुगडे. चेहरा शेवटी. एवढ्या जाड सुतात नाकडोळे बारीक येत नाहीत. त्याने मिटलेल्या डोळ्यांच्या दोन रेघा आणि फुगलेला डावा गाल, एवढेच विणले. ज्याने नरसव्वांना एकदा पाहिले त्याला दुसरे काही लागले नसते.

मी खूप चांगल्या वस्तू पाहिल्या आहेत. जमिनीच्या पोटातले शास्त्र आणि म्हाताऱ्या बाईचा गाल एकाच ताण्यावर धरणारी दुसरी पाहिली नाही.

ते वॉल हँगिंग आमच्या केंद्राच्या प्रदर्शनात लागायचे होते आणि तिथून मुंबईला जायचे होते. प्रत्येक वस्तूखाली नाव आणि दोन ओळी माहितीची चिठ्ठी लावायची, ते काम माझ्याकडे होते. आदल्या दिवशी साहेब सगळे बघत फिरले. अंबादासच्या चित्रापुढे थांबले. "अप्रतिम आहे," म्हणाले. "ही बाई कोण?"

साहेब चांगला माणूस. त्यांना खरेच जाणून घ्यायचे होते. मी तोंड उघडले आणि माझ्या तोंडून आले, "पाणी भरणारी बाई, साहेब."

"मग तसंच लिहा," ते म्हणाले आणि पुढे गेले.

मी सुंदर अक्षरात लिहिले: 'पाणी भरणारी स्त्री. ग्रामीण जीवनातील एक दृश्य.' खाली अंबादासचे नाव. आणि चिठ्ठी लावली.

प्रदर्शनाच्या दिवशी दुपारी अंबादास नरसव्वांना घेऊन आला. त्यांनी ठेवणीतले लुगडे नेसले होते. त्या चित्रापुढे उभ्या राहिल्या. मग लाल सुतावरून बोट फिरवले, चुनखडीच्या गाठींवरून फिरवले आणि तेलुगूत काहीतरी पुटपुटल्या. मी मागे खांबाशी होतो. त्यांनी खालच्या चिठ्ठीकडे बोट केले आणि अंबादासला विचारले, काय लिहिलेय.

अंबादास मराठी अक्षर लावून लावून वाचणारा. शेडच्या दारावरची सूचना वाचायलाही त्याला वेळ लागे. त्या दिवशी तो चिठ्ठीकडे जरा वेळ बघत राहिला, एकदा माझ्याकडे बघितले, आणि एका दमात, कुठेही न अडखळता वाचले:

"ही नरसव्वा. रंगाचं पानी जिभंवर वळखती. ह्यातला लाल तिच्या पान्याचा हाय."

नरसव्वा माझ्याकडे वळल्या. "सायबानं लिवलं?"

"व्हय," अंबादास म्हणाला. "सायबानंच लिवलंय."

त्यांनी पदर तोंडाला लावला. "लई लिवलं की," त्या मला म्हणाल्या. "येवढं कशापायी?" आणि चित्राची मागची बाजू, गाठी नीट मारल्यात का, ते बघायला गेल्या.

जिन्यात अंबादास मला एकटा भेटला. तो चिडलेला नव्हता. चिडला असता तर मला बरे वाटले असते. खालच्या पायरीवर थांबून तो म्हणाला, "सायेब, तिला वाचाया येत न्हाय. तुमास्नी येतंय की."

पेन माझ्या खिशात होते. कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा टेबलावर होता. मी वर गेलो, चित्रापुढे उभा राहिलो, लोक येत-जात होते, साहेब पाहुण्यांना माझा अहवाल समजावून सांगत होते. मी चिठ्ठी बदलली नाही. दुसऱ्या दिवशी खालच्या चिठ्ठ्या वस्तूंच्या पाठीला चिकटवून माल मुंबईला गेला, आणि तिथे ते चित्र कुणीतरी घेतले. कुणी, ते आम्हाला कळले नाही.

नरसव्वा आता नाहीत. शेवटपर्यंत त्या मला भेटल्या की इतर बायकांना सांगत, ह्या सायबानं माझ्यावर लिवलंय. अंबादास तिथे असला तर खाली बघे. त्याने माझी लाज एवढी वर्षे झाकून ठेवली. मी शिक्का मारलेला कुठलाही रंग इतका पक्का निघाला नसता.

हे लिहिण्यापूर्वी मी खात्याला पत्र पाठवले आहे, की त्या अहवालातला मूळ शोध नरसव्वांचा आहे. उत्तर काय यायचे ते येवो. पण ते चित्र कुठेतरी भिंतीवर आहे, आणि त्याच्या पाठीला माझी ती चिठ्ठी बहुधा अजून असेल. म्हणून वाचकांना विनंती. कुणाच्या घरी विहिरीच्या काठावर उभ्या असलेल्या, लाल लुगडे नेसलेल्या बाईचे वॉल हँगिंग असेल, तर तिचे डोळे मिटलेले आहेत का आणि डावा गाल फुगलेला आहे का ते बघावे. पांढरे फडके ओले करून लुगड्यावरून फिरवावे. फडके गुलाबी झाले तर ते आमचे नव्हे. पांढरे राहिले, तर मागची चिठ्ठी फाडून टाकावी आणि दुसऱ्या कागदावर लिहून लावावे:

'ही नरसव्वा. रंगाचं पाणी जिभेवर ओळखते. ह्यातला लाल तिच्या पाण्याचा आहे.'

शब्द अंबादासचे आहेत. पेन खिशात होते तेव्हाच मी ते लिहून घ्यायला हवे होते.